लग्नाची नोंद आणि मुक्कामाचा हिशेब

गेल ऑम्व्हेट यांचा जन्म १९४१ सालचा, अमेरिकेतल्या मिनियापोलिसचा. ब्राह्मणेतर चळवळीच्या अभ्यासासाठी त्या महाराष्ट्रात आल्या. १९७६ साली भारत पाटणकरांशी त्यांचं लग्न झालं, सांगली जिल्ह्यातलं कासेगाव हे त्यांचं घर झालं आणि १९८३ साली त्या भारताच्या नागरिक झाल्या. २०२१ साली त्यांनी शेवटचा श्वास घेतला तोही कासेगावातच. अशा माणसाबद्दल बोलताना ‘इथल्या माणसाशी लग्न केलं आणि इथल्या झाल्या’ असं आपण सहज म्हणून जातो. सून घरात आली की ती घरची, आणि घरची झाली म्हणजे देशाचीही झालीच, असा आपला सरळ हिशेब असतो. कायद्याचा हिशेब तसा नाही. लग्नामुळे परदेशी पती किंवा पत्नीला फक्त अर्ज करण्याचा हक्क मिळतो. नागरिकत्व मिळायचं तर त्यापुढे मुक्काम मोजला जातो, तारीखवार आणि काटेकोर. तो कसा मोजतात याची कल्पना नसल्याने चांगली वर्षानुवर्षं इथे राहिलेली माणसंही ऐनवेळी अडतात.

पत्नीचं नागरिकत्व ही एके काळी नवऱ्याच्या नागरिकत्वाची सावली होती. ब्रिटिश साम्राज्याचा १९१४ चा राष्ट्रीयत्वाचा कायदा होता. त्यात ब्रिटिश प्रजाजनाची बायको आपोआप ब्रिटिश प्रजाजन ठरे, आणि परक्या देशाच्या माणसाशी लग्न करणारी ब्रिटिश बाई आपोआप परकी ठरे. तिला विचारण्याचा प्रश्नच नव्हता. अमेरिकेत १९०७ च्या कायद्याने परदेशी माणसाशी लग्न करणाऱ्या अमेरिकन बाईचं नागरिकत्व जात असे. १९२२ साली हा नियम सैल झाला, पण ज्यांना अमेरिकन नागरिक होण्याचीच मनाई होती अशा आशियाई पुरुषांच्या बायकांना त्या सवलतीतून वगळलं होतं. १९२३ साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीय माणूस ‘गोरा’ नाही म्हणून नागरिक होऊ शकत नाही असा निकाल दिला आणि ही कुऱ्हाड भारतीयांच्या संसारांवरही पडली. क्रांतिकारक तारकनाथ दास यांच्या पत्नी मेरी या जन्माने अमेरिकन होत्या. नवरा भारतीय म्हणून त्यांचं स्वतःच्या जन्मभूमीचं नागरिकत्व गेलं. १९३१ साली कायदा पुन्हा बदलल्यावर हा प्रकार थांबला.

आपला नागरिकत्व अधिनियम १९५५ सालचा. त्याच्या कलम ५ मध्ये नोंदणीने नागरिकत्व मिळण्याचे मार्ग दिले आहेत. त्यात मुळात एक साधी ओळ होती: भारतीय नागरिकाशी जिचं लग्न झालेलं आहे किंवा पूर्वी झालेलं होतं अशी स्त्री अर्ज करू शकते. किती वर्षं राहिली पाहिजे याचा त्या ओळीत शब्दही नव्हता. १९८३ साली गेल ऑम्व्हेट नागरिक झाल्या तेव्हा हीच ओळ लागू होती. उदार वाटते खरी, पण तिच्यात जुन्या सावलीचा अंश होताच. भारतीय पुरुषाची परदेशी बायको या दाराने आत येऊ शकत होती. भारतीय बाईचा परदेशी नवरा मात्र येऊ शकत नव्हता. त्याला परक्या माणसासाठी असलेली नॅचरलायझेशनची लांबची वाट धरावी लागे. लग्न झालं की बाईने नवऱ्याच्या देशात जायचं, नवऱ्याने बाईच्या देशात येण्याचा संबंध काय, हे कायद्याने गृहीत धरलं होतं.

१९८६ च्या दुरुस्तीने हे बदललं. ती १ जुलै १९८७ पासून लागू झाली. ‘स्त्री’च्या जागी ‘व्यक्ती’ हा शब्द आला आणि त्याच वेळी पाच वर्षांच्या वास्तव्याची अट आली. आसाममधल्या स्थलांतराच्या प्रश्नामुळे तेव्हा एकूणच नागरिकत्वाचे नियम कडक होत होते, त्याचाच हा भाग. २००३ च्या दुरुस्तीने पाचाची सात वर्षं केली, आणि ३ डिसेंबर २००४ पासून आजतागायत सातच आहेत. वास्तव्याची अट मला अन्यायाची वाटत नाही. नवऱ्याची बायको म्हणून देश मिळण्यापेक्षा, मी इथे राहिले, इथली भाजी निवडली, इथल्या रांगांत उभी राहिले म्हणून देश मिळणं हे जास्त स्वाभिमानाचं आहे. अर्जदाराचा स्वतःचा मुक्काम मोजला जाणं ही तत्त्वतः सुधारणाच आहे. गाडं अडतं ते मोजण्याच्या रीतीत.

‘सात वर्षं’ म्हटल्यावर कुणीही आल्याच्या तारखेत सात मिळवतो. कायद्यात मात्र सात वर्षांचे दोन तुकडे आहेत. अर्जाच्या तारखेच्या लगेच आधीचे बारा महिने संपूर्ण, अखंड भारतात काढलेले हवेत. त्या बारा महिन्यांच्या आधीची आठ वर्षं घ्यायची आणि त्यांत मिळून किमान सहा वर्षं भारतात काढलेली हवीत. म्हणजे खिडकी नऊ वर्षांची आणि त्यातला मुक्काम सात वर्षांचा. आठ वर्षांत दोन वर्षं बाहेर गेलेली चालतात, शेवटच्या वर्षात एक दिवसही चालत नाही.

हे प्रत्यक्षात कसं उलगडतं ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा, जपानमधल्या ओकायामाची युको पुण्याच्या मुलाशी लग्न करून १ जुलै २०१८ ला पुण्यात राहायला आली. १ जुलै २०२५ ला तिला सात वर्षं पूर्ण झाली आणि घरच्यांनी अर्जाची तयारी सुरू केली. जेवणाच्या टेबलावर जुना आणि नवा असे दोन्ही पासपोर्ट उघडले, येण्याजाण्याचे शिक्के एकेक करून वहीत उतरवले. पहिल्या बाळंतपणाला ती आपल्याकडच्या मुलींसारखीच माहेरी गेली होती, ते जवळपास चार महिने. पुढे भावाचं लग्न, एक उन्हाळ्याची सुट्टी. सहा वर्षांत मिळून १८० दिवस. शेवटचं वर्ष तिने पुण्यातच काढलं, ते ठीक. पण त्याआधीचा हिशेब बसत नाही. १ जुलै २०१८ ते ३० जून २०२४ ही कॅलेंडरची सहा वर्षं झाली, त्यातून १८० दिवस वजा केले की मुक्काम उरतो साडेपाच वर्षांचा. आठ वर्षांची खिडकी तिच्या उपयोगाची नाही, कारण २०१८ च्या आधी ती भारतात नव्हतीच. सात वर्षं पूर्ण झाल्या दिवशी अर्ज करायचा तर या सात वर्षांत देशाबाहेर एकही दिवस गेलेला चालत नाही, हे त्या वहीतून कळतं.

आता तिने थांबायचं. सहा महिने थांबून १ जानेवारी २०२६ ला अर्ज करायचा म्हटलं तर शेवटचे बारा महिने म्हणजे २०२५ चं अख्खं वर्ष. त्याआधीचा मुक्काम १ जुलै २०१८ ते ३१ डिसेंबर २०२४, म्हणजे २,३७६ दिवस. त्यातून १८० गेले, उरले २,१९६. सहा वर्षांचे दिवस होतात २,१९१ किंवा २,१९२. बसलं, पण शिलकीत चार-पाच दिवसच. इतक्या काठावर अर्ज करू नये. शिक्क्यावरची एखादी पुसट तारीख किंवा मोजण्यातला एखादा फरक एवढंही पुरे होतं. आणखी एखादा महिना थांबावं आणि मगच कागद पुढे सरकवावा.

या मोजणीतला खरा जाच शेवटच्या वर्षाचा आहे. आधीच्या आठ वर्षांत दोन वर्षांची सूट देणारा कायदा शेवटच्या बारा महिन्यांत एकदम मूठ आवळतो. त्याच वर्षी ओकायामाला युकोच्या वडिलांना पक्षाघाताचा झटका आला तर? ती जाणारच, जायलाच हवं. पण गेली की अखंड बारा महिन्यांची साखळी तुटली आणि परतल्यावर नव्याने वर्ष मोजायचं. २०१५ साली संसदेने इथे एक फट ठेवली. विशेष परिस्थिती असेल तर केंद्र सरकार कारण लेखी नोंदवून या बारा महिन्यांत जास्तीत जास्त तीस दिवसांची सूट देऊ शकतं, आणि ते तीस दिवस सलगच असले पाहिजेत असं नाही. ही सूट हक्काची नसून सरकारच्या समाधानावर अवलंबून आहे. म्हणून जाताना दवाखान्याची कागदपत्रं, मृत्यूचा दाखला, तिकिटं, जे मिळेल ते जपून ठेवावं. दुःखाच्या घरात कागद गोळा करायचं सुचत नाही, हे खरंच. तरी कुणीतरी ते काम अंगावर घ्यावं.

मुक्काम नुसता असून भागत नाही, तो वैधही लागतो. नोंदणीचा हा मार्ग अवैध स्थलांतरिताला बंद आहे, आणि अवैध म्हणजे चोरवाटेने सीमा ओलांडून आलेलाच असं नाही. रीतसर पासपोर्ट-व्हिसावर येऊन मुदत संपल्यावरही राहिलेला माणूस त्याच व्याख्येत बसतो. भारतीयाच्या पती किंवा पत्नीला एंट्री व्हिसा मिळतो, त्याची मुदत वेळोवेळी वाढवून घ्यावी लागते. १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा व्हिसा असेल तर आल्यापासून चौदा दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात नोंद करावी लागते. हे आता बहुतांश ऑनलाइन होतं. संसाराच्या धबडग्यात ‘आपलीच तर माणसं आहेत’ म्हणून नूतनीकरण राहून जातं, आणि त्या दुर्लक्षाची झळ मुलांपर्यंत पोहोचू शकते. ३ डिसेंबर २००४ नंतर भारतात जन्मलेल्या मुलाच्या आईवडिलांपैकी एक भारतीय असेल, तर जन्माने नागरिकत्व मिळण्यासाठी दुसरा पालक त्या वेळी अवैध स्थलांतरित नसला पाहिजे. आईच्या व्हिसाची मुदत उलटलेली असताना बाळ जन्मलं तर प्रश्न बाळाच्या नागरिकत्वाचाही होतो. युकोसारखी आई बाळंतपणाला माहेरी गेली तर वेगळंच काम: परदेशात जन्मलेल्या बाळाची नोंद एका वर्षाच्या आत तिथल्या भारतीय वकिलातीत करायची असते. हे मी मुद्दाम सविस्तर लिहिते आहे, कारण अर्जाची वेळ येईपर्यंत घरोघरी याकडे कुणाचं लक्ष नसतं.

सात वर्षांच्या या मुख्य दाराला लागून आणखी एक दार आहे. लग्नाची नोंद होऊन सलग दोन वर्षं झाली असतील तर भारतीय नागरिकाच्या परदेशी जोडीदाराला ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डासाठी अर्ज करता येतो. ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे. मतदान नाही, निवडणूक नाही, सरकारी नोकरी नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. पण आयुष्यभराचा व्हिसा मिळतो आणि नूतनीकरणाच्या फेऱ्या संपतात. हे कार्ड पाच वर्षं असेल आणि अर्जाच्या आधी बारा महिने भारतात सर्वसाधारण वास्तव्य असेल, तर त्याच कलम ५ मधून नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. कामानिमित्त सतत देशाबाहेर जावं लागणाऱ्यांना हा मार्ग सोयीचा, कारण इथे आठांत सहा वर्षांचं गणित नाही. दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवाव्यात. स्वतः, आईवडील, आजीआजोबा किंवा पणजोबा-पणजी यांपैकी कुणीही कधी पाकिस्तानचं किंवा बांगलादेशचं नागरिक असेल तर हे कार्ड मिळत नाही. आणि लग्नाच्या आधारे मिळालेलं कार्ड घटस्फोट झाल्यास रद्द होऊ शकतं.

दोन्ही मार्गांचा अर्ज ऑनलाइन भरला तरी कागद जिल्हाधिकारी कार्यालयातून राज्य सरकारमार्फत केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जातो, वाटेत चौकशीचे अहवाल जोडले जातात. मंजुरीचं कळल्यावर जुन्या देशाचं नागरिकत्व सोडल्याचा पुरावा आणि संविधानाशी निष्ठेची शपथ या दोन पायऱ्या उरतात. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, त्यामुळे यातून सुटका नाही. मंजुरीचं पत्र हातात येण्याआधी जुना पासपोर्ट सोडण्याची घाई कुणीही करू नये. मधल्या काळात माणूस कोणत्याच देशाचा न राहण्याचा धोका असतो.

आपली मराठी मुलंमुली अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये याच हिशेबातून जातात, तेव्हा त्यांच्याशी ताडून पाहणं बरं. अमेरिकेत ग्रीन कार्डावर पाच वर्षं राहिल्यानंतर नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. नवरा किंवा बायको अमेरिकन नागरिक असेल तर तीन वर्षांनी. त्या तीन वर्षांत प्रत्यक्ष अमेरिकेत काढलेले दिवस किमान अठरा महिन्यांचे हवेत, अर्ज करायच्या राज्यात शेवटचे तीन महिने राहिलेलं हवं, आणि तिन्ही वर्षं जोडीदार नागरिक असला पाहिजे आणि दोघं एकत्र नांदत असली पाहिजेत. भारताच्या सात वर्षांच्या मार्गात लग्नाला किती वर्षं झाली हे विचारलेलं नाही, वास्तव्य किती वर्षांचं एवढंच विचारलं आहे. अमेरिका दोन्ही विचारते. साताऱ्याला आईच्या ऑपरेशनसाठी आलेली मुलगी सहा महिन्यांपेक्षा जास्त राहिली तर वास्तव्य खंडित झालं असं तिथे गृहीत धरलं जातं आणि तसं नाही हे तिला पुराव्याने पटवावं लागतं. वर्षभर राहिली तर खंडितच.

इंग्लंडचा कायदा १९८१ चा, अंमल १९८३ पासून. ब्रिटिश नागरिकाच्या जोडीदाराला तीन वर्षांचं वास्तव्य लागतं. त्यात बाहेर काढलेले दिवस एकूण २७० पेक्षा जास्त नसावेत, शेवटच्या वर्षात ९० पेक्षा जास्त नसावेत. अर्जाच्या बरोबर तीन वर्षं आधीच्या तारखेला माणूस इंग्लंडच्या भूमीवर असला पाहिजे, अशी एक चमत्कारिक अटही आहे, आणि तीत अनेक जण अडकतात. तिथे निघाल्याचा आणि पोहोचल्याचा दिवस गैरहजेरीत धरत नाहीत. शेवटच्या वर्षात नव्वद दिवस! आपल्याकडे शून्य, आणि मेहेरबानी झाली तर तीस. इंग्लंडने नव्वद दिवस दिले म्हणून तिथे खोट्या लग्नांचा पूर आला असं कुणी म्हणत नाही. आईवडील दूर देशी असलेल्या माणसाला वर्षभरात एकदा तरी जावं लागतं, एवढी साधी गोष्ट आपल्या कायद्यालाही ओळखता यायला हवी.

गोव्यात हा विषय आणखी वेगळ्या तऱ्हेने येतो. १९६१ पूर्वी जन्मलेल्यांच्या आणि त्यांच्या वंशजांच्या पोर्तुगीज राष्ट्रीयत्वामुळे तिथल्या कित्येक घरांत लिस्बनच्या नोंदणी कार्यालयाचे कागद असतात. पोर्तुगालच्या १९८१ च्या कायद्यात जोडीदाराकडून मुक्काम मागितलेला नाही, लग्नाची तीन वर्षं मागितली आहेत. त्या देशात कधीही न राहिलेल्या माणसालाही लग्न टिकल्याच्या आधारे अर्ज करता येतो. अर्थात ते स्वीकारलं की भारताचं नागरिकत्व संपतं.

आता भारताच्या कायद्यातल्या त्या बदलाकडे येते, ज्याबद्दल बोललं जात नाही. १९५५ च्या ओळीत आणि १९८६ च्या दुरुस्तीतही ‘लग्न झालेलं आहे किंवा पूर्वी झालेलं होतं’ असे दोन्ही शब्द होते. विधवा किंवा घटस्फोटित व्यक्ती अर्ज करू शकत होती. २००३ च्या दुरुस्तीने पाचाची सात वर्षं केली, त्याची बातमी झाली. पण त्याच वाक्यातून ‘पूर्वी झालेलं होतं’ हा भाग गळाला. आता अर्ज करताना लग्न शाबूत असलं पाहिजे.

युकोचाच विचार करा. २०२५ चं वर्ष ती अखंड पुण्यात राहिली, डिसेंबरात तिचा नवरा अपघातात गेला. मुलगा भारतीय, सासू-सासरे तिच्या आधाराने राहणारे, तिचा मुक्काम सात वर्षांचा, वहीत प्रत्येक दिवस बरोबर. तरी १ जानेवारीला हे दार तिच्यासाठी बंद असतं. तिने काढलेला एकही दिवस कमी झालेला नाही, तरी ते दिवस या मार्गापुरते मोडीत निघतात. ओसीआय कार्ड काढलेलं नसेल तर उरते नॅचरलायझेशनची वाट. तिथे शेवटचे बारा महिने अखंड आणि त्याआधीच्या चौदा वर्षांत मिळून अकरा वर्षांचा मुक्काम लागतो, म्हणजे एकूण बारा. तिचे आधीचे दिवस तिथे धरले जातात, पण आणखी पाच वर्षं तिला व्हिसाच्या मुदतवाढींवर काढावी लागतात. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्येही जोडीदार गेला तर सवलतीचा मार्ग बंद होतो, पण तिथे तीनाची पाच वर्षं होतात. आपल्याकडे साताची बारा.

मुक्कामाची अट आणताना तत्त्व असं होतं की जोडीदारापेक्षा अर्जदाराचं स्वतःचं राहणं महत्त्वाचं. ते तत्त्व खरं मानायचं तर सात वर्षं पुरी केलेल्या माणसाला जोडीदाराच्या मृत्यूनंतर अडवण्याचं काहीच कारण उरत नाही. खोट्या लग्नाची शंका सात वर्षांच्या संसाराला आणि मृत्यूच्या दाखल्याला लागू पडत नाही. घटस्फोटाच्या बाबतीत वाद घालता येईल. वैधव्याच्या बाबतीत मला तरी दुसरी बाजू दिसत नाही. यासाठी नवा कायदा करण्याची गरज नाही. १९५५ पासून २००४ पर्यंत कलमात असलेले शब्द निदान विधवा-विधुरांपुरते परत घालायचे, आणि शेवटच्या बारा महिन्यांतली तीस दिवसांची सूट मर्जीवर न ठेवता जवळच्या नातलगाचं आजारपण किंवा मृत्यू एवढ्या कारणांसाठी हक्काची करायची. दोन्ही दुरुस्त्या मिळून चार ओळींत मावतात.